दारासमोर हळू होणारी गाडी

आमच्या गावाला बसथांबा एकच, शाळेजवळ. पण बाबा संध्याकाळची मुक्कामी गाडी घेऊन आले की तो थांबा नावापुरता उरायचा. ड्रायव्हर गावचाच, गाडीतली माणसंही गावचीच. मग ज्याचं घर येईल त्याच्या दारासमोर बाबा गाडी हळू करायचे. पुरती थांबवायचे नाहीत, कारण थांब्याबाहेर थांबायची परवानगी नव्हती. हळू करायचे आणि केबिनमधून ओरडायचे, "उतरा." माणसं सवयीनं उतरायची. म्हाताऱ्यासुद्धा लुगडं सावरत खाली पाय टाकायच्या आणि गाडीच्या अंगानं दोन पावलं पळून थांबायच्या. सगळ्या दारव्हा तालुक्यात इतका लाड करणारा ड्रायव्हर नाही, असं लोक म्हणायचे. मी ते मान ताठ करून ऐकायची.

शेजारची काकू त्याच गाडीनं बोरी अरबच्या बाजाराहून यायची. त्या दिवशी तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. बाबांनी गाडी हळू केली, "उतरा वहिनी" म्हटलं, आणि ती उतरली असं धरून गिअर टाकला. ती अजून पायरीवरच होती. धक्क्यानं ती खाली पडली आणि मागचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं. तीच गाडी वळवून तिला दारव्ह्याला आणि तिथून यवतमाळला नेलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

बाबा घरी आले तेव्हा आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी तसाच खाली ठेवला. "मीच उतरा म्हनलं," ते म्हणाले. "आरशात पाह्यलंच नाई." हे आईनं ऐकलं, मी ऐकलं. आमच्या घरात या बाबतीत शंका अशी कधीच नव्हती.

काही महिन्यांनी काकूचा नवरा आमच्या ओसरीवर येऊन बसला. डॉक्टर म्हणत होते की चांगल्या जातीचा नकली पाय बसवला तर काकू पुन्हा शेतात जाऊ शकेल, कापूस वेचू शकेल. तो पाय त्यांच्या ऐपतीबाहेरचा होता. म्हणून बसखात्यावर भरपाईचा दावा टाकायचा होता, आणि त्याआधी तो बाबांना विचारायला आला होता. ज्याच्या गाडीखाली बायकोचा पाय गेला, त्याची परवानगी मागायला! आमच्याकडे माणसं अशी आहेत.

"भाऊ, तुमच्यावर काई नाई आमचं," तो म्हणाला. "खात्यावर टाकून राह्यलो. पन कागदात तुमचं नाव येईन, राग नोका धरजा."

बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बिनधास्त टाका. कोर्टात इचारलं त जे झालं तेच सांगतो मी."

आईनं चहा केला. दोघं बराच वेळ सोयाबीनबद्दल बोलत बसले.

मग खात्यानं बाबांना बोलावलं. थांब्याबाहेर गाडी हळू करत होतो हे कबूल केलंत तर नोकरी गेलीच समजा, असं तिथं कुणीतरी समजावलं. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती आणि माझं शिक्षण त्याच पगारावर चाललं होतं. बाबांचं जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. गावात म्हणावं तर अळीमिळी गुपचिळी. दारासमोर उतरण्याचं सुख सगळ्यांनी भोगलं होतं, पण साक्षीला कुणी यायला तयार नव्हतं. खरं बाहेर आलं तर मुक्कामी गाडीच बंद होईल, ही भीती. एका बाईच्या पायापेक्षा गावाला गाडी मोठी वाटली. लोकांना नावं ठेवायला मला काय जातं म्हणा! आमच्याच घरात काय शिजत होतं ते मला दिसत होतं.

बाबांची साक्ष यवतमाळच्या कोर्टात झाली. डबा घेऊन मी सोबत गेले होते. काकू मागच्या बाकावर बसली होती, कुबडी भिंतीला टेकवून. खात्याच्या वकिलानं विचारलं, या बाई कशा उतरल्या?

"त्या स्वतःच्या मर्जीने चालत्या गाडीतून उतरल्या," बाबा म्हणाले. जन्मभर "मले, तुले" बोलणारा माणूस एवढं पुस्तकी बोलला, तेव्हाच कळलं की वाक्य घोटून घेतलेलं आहे. मग काकूच्या वकिलानं विचारलं की तुम्ही दारासमोर गाडी हळू करून त्यांना उतरायला सांगितलं, हे खरं ना? बाबा म्हणाले, "हे म्हणणं खरं नाही."

मला आधी हायसं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. नोकरी वाचली, हाच पहिला विचार आला. मग मी मागे वळून पाहिलं. काकू बाबांसमोर कधी डोक्यावर पदर घेत नसे, घरचाच माणूस. आता तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला, परका पुरुष समोर आल्यावर बायका घेतात तसा. डबा मांडीवर होता, तो कुठे ठेवावा ते सुचेना.

पुढे निकाल लागला. कोर्टानं निम्मा दोष काकूच्या माथी टाकला आणि भरपाई त्या मानानं कापली. मिळालं ते दवाखान्याच्या उधारीतच गेलं. ती अजून कुबडीवरच चालते.

पण मला निकालापेक्षा साक्षीच्या दिवशीची परतीची बस आठवते. काकूचा नवरा वकिलाकडे थांबला होता. दावा बसखात्यावर असो की आणखी कुणावर, घरी जायला बस तीच. गर्दी मरणाची होती. पुढची गाडी पकडू, असं मी बाबांना म्हणत होते, तेवढ्यात आतून हाक आली. काकू आधी चढून खिडकीशी बसली होती आणि बाकाच्या उरलेल्या जागेवर तिनं कुबडी आडवी टाकली होती. कुणी बसू लागलं की सांगायची, माणसं येऊन राह्यली.

"भाऊ, इकडे या," ती म्हणाली. "दारव्ह्यापर्यंत उभं कायले राह्यता?"

आम्ही बसलो. मी मध्ये, बाबा कडेला. कुबडी मी मांडीवर घेतली. यवतमाळ मागे पडलं. कंडक्टर आला, बाबांनी खात्याचा पास दाखवला, तेव्हा आपलाच माणूस म्हणून तो जरा रेंगाळला. मग त्याची नजर काकूकडे गेली. मावशी, पायाले काय झालं, त्यानं विचारलं.

बाबांनी पास खिशात घातला. 

"गाडीतून पडली बापू," काकू म्हणाली. "मायीच घाई झालती." आणि बाबांकडे हनुवटीनं दाखवून म्हणाली, "या भाऊनंच उचलून दवाखान्यात नेलं. नाईतं जीवच गेलता."

कंडक्टरनं बाबांच्या खांद्यावर थाप मारली. अशी माणसं आहेत म्हणून खात्याचं नाव आहे, म्हणाला.

"तुमचे वडील का?" त्यानं मला विचारलं.

मी हो म्हणाले, पण काकूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.