कामिनीनं निवडलेली साडी

सानगडीच्या कामिनीची नजर कॉलेजात असताना गेली. काचबिंदू होता, कळायला उशीर झाला. पुढे नागपूरला राहून ती बोलका फोन वापरायला शिकली. पडद्यावरचं सगळं फोन वाचून दाखवायचा आणि ती बोटानं पुढे सरकायची. खरेदी मात्र भाऊच करायचा. "मी मागवून देतो ना," म्हणत कमलेश हातातून फोन घ्यायचा. वस्तू चांगलीच यायची, पण ती कमलेशनं निवडलेली असायची.

आईच्या साठीला कोशाची, म्हणजे टसर रेशमाची साडी घ्यायची, तीही कुणाला न विचारता, असं कामिनीनं ठरवलं. मोहाडीच्या एका विणकर घराची वेबसाइट सापडली. फोन वाचू लागला, "चित्र. चित्र. बटण. चित्र." साडी कोणती, रंग कोणता, काही पत्ता नाही. तळाशी नंबर तेवढा वाचला गेला. तिनं तो लावला.

फोन रेणूनं उचलला. वडिलांच्या मागावरच्या साड्या विकायला ही साइट तिनंच बनवली होती.

"ताई, तुमच्या साइटवर मले नुसतं चित्र, बटन, चित्र, बटन आयकू येऊन राहिलं."

"म्हणजे? साइट उघडत नाही का?"

"उघडते. पन मले दिसत नाही. फोन वाचून दाखवते. तुमी चित्रासोबत काही लिहिलंच नाही, तर तो काय वाचन?"

आता ही 'फोन घरच्या कोणाले द्या' म्हणेल, असं कामिनीला वाटलं. रेणू म्हणाली, "थांबा, ठेवू नका. माह्या मोबाइलवर ते वाचनं कसं चालू करू, सांगा."

डोळे मिटून रेणूनं स्वतःचंच दुकान ऐकलं. "अवं माय! इथं तर काहीच समजत नाही."

मग रोज दुपारी दोघींचं फोनवर बोलणं सुरू झालं. रेणू एकेका बटणाला नाव द्यायची, चित्रामागे वर्णन लिहायची. कामिनी ऐकून कुठे अडलं ते सांगायची. एकदा फोन बोलला, "सुंदर पिवळी साडी." कामिनी हसली. "सुंदर हाये का ते मी ठरवीन. पिवळी कशी, ते सांगा ना."

रेणूनं फोन मागावर बसलेल्या वडिलांना दिला. मारोतराव म्हणाले, "पोरी, कोशाचा मूळ रंगच ठेवला हाये. धानाच्या तनसीवानी. काठ लाल, करवती, करवतीच्या दातांवानी नक्षीचा."

तणसाचे, भाताच्या वाळल्या पेंढ्याचे ढीग कामिनीनं नजर जाण्याआधी डोळे भरून पाहिलेले होते. रंग तिच्यासमोर उभा राहिला. 'पैसे भरा' हे बटण आता नीट बोललं, आणि तिनं ते स्वतः दाबलं.

साडी आली. आईनं काठावरून हात फिरवला. "कोनं निवडली वं?"

"मी."

आईनं घडी मोडली आणि तिथेच नेसायला घेतली.

आभार मानायला कामिनीनं फोन केला, तर रेणूच आधी बोलली, "ताई, तुमी त्या दिवशी फोन केला नसता, तर आमचं दुकान किती जनांले बंद होतं, हे मले कधी समजलंच नसतं." आता रेणू दुसऱ्यांच्याही साइट बनवते. प्रत्येक साइट सगळ्यात आधी कामिनी ऐकते, आणि त्या कामाचा मोबदला घेते. आपल्यासाठी धावणारी माणसं तिला आयुष्यभर भेटली, त्यांचे उपकार ती विसरलेली नाही. पण रेणूचं नाव निघालं की ती म्हणते, "तिनं माह्यासाठी साडी नाही घेतली, मले घेऊ देली."