फिनेल आणि मनी

"अगं, लवकर ये, पण आवाज करू नकोस!" सासूबाईंनी दबक्या आवाजात हाक मारली. आम्ही दोघी दाराआड श्वास रोखून उभ्या राहिलो. मनीनं इवल्याशा पंजांनी ट्रेमधली वाळू उकरली, गंभीर चेहऱ्यानं बसली आणि मग सगळं नीट झाकून निघून गेली. हुश्श! पुन्हा गादी ओली झाली असती, तर तिची रवानगी परत गोठ्यात ठरलेलीच होती.

चूक आमचीच होती. कुठे काही घाण झाली की फिनेल, हा आमच्या घरचा धर्म. सासूबाई ट्रे फिनेलनं घासून लख्ख करायच्या, ताजी वाळू भरायच्या, आणि मनी त्याला वळसा घालून थेट गादीवर! शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तिचा थोडा वास राहू द्या की त्यात. नाहीतर जागा आपली आहे हे तिला कळायचं कसं?" म्हणून या वेळी ट्रे नुसत्या पाण्यानं धुतला होता.

मला माझी गोधडी आठवली. लग्न होऊन आले तेव्हा माहेराहून आणलेली. सासूबाई ती धुवायला मागायच्या आणि मी काही ना काही कारण काढायचे. तिच्यात नाक खुपसल्याशिवाय या घरात मला झोप लागत नसे.

सासूबाईंनी फिनेलची बाटली मोरीच्या कोपऱ्यात सरकवली. मनी उन्हात अंग चाटत बसली होती. तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ती गोधडी तू मला धुवायला दिली नाहीस, ते बरंच केलंस हो."