बिबट आहे आणि नाही

पारबतामावशी सकाळी एक बोलायची, दुपारी दुसरं, आणि दोन्ही वेळा तिच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. बालाघाटजवळच्या आमच्या खाण कॉलनीत ती माझी शेजारीण. नवरा खाणीत होता, तो गेला. मागे उरल्या पाच-सहा शेळ्या.

कॉलनीमागे मँगनीजची बंद पडलेली खदान आहे. खड्ड्यात हिरवंगार पाणी साचलंय, कडेला टाकाऊ दगडमातीचा डोंगर, आणि त्यावर आता झाडी माजलीय. मावशीच्या शेळ्या तिथेच चरायच्या. रविवारी पोरं मोटारसायकलींवरून पोहायला, फोटो काढायला आली की ती वाटेतच अडवायची. "वरतं नका जाऊ बाबू. बिबट येऊन राह्यला पान्यावर." पोरं मागे फिरायची. वनखात्याच्या नाकेदाराने विचारलं, "अम्मा, तेंदुआ दिखा क्या?" की लगेच, "कहाँ का तेंदुआ साहब, कुत्ते घूमते हैं."

मी वैतागायचो. मलाही संध्याकाळी तिकडे फिरायला जायचं असायचं. "मावशी, एक काय ते सांग ना. आहे का नाही?"

"तुले काहून पाहिजे? तू घरी राह्य."

तिचं गणित मला उशिरा कळलं. कॉलनीतल्या पुढाऱ्यांना तिथे बगीचा हवा होता, पाण्यात बोटी हव्या होत्या. आणि बिबट निघाला, तर वनखातं डोंगराला तारेचं कुंपण घालणार होतं. दोन्हीकडून शेळ्यांची वाट बंदच. म्हणून तिचा बिबट एकाला होता आणि दुसऱ्याला नव्हता. एवढं कळलं, पण बिबट्याचं मात्र काहीच कळेना.

एकदा तिची लाडकी काळी शेळी परत आली नाही. आम्ही दोघं शोधायला गेलो. पाण्याकाठच्या चिखलात रक्त होतं आणि पंज्यांचे ठसे होते. मी वाकून बघेपर्यंत मावशीने पायाने चिखल सारवून टाकला. "कुत्र्यायनं नेली," ती डोळे पुसत म्हणाली. रडत होती बिचारी, आणि खोटंही बोलत होती. की खरंच बोलत होती? कुत्र्याचे ठसे तरी मी कधी नीट पाहिलेत!

मग कॉलनीच्या मैदानात बैठक झाली. बगीचावाले आणि वनखात्याचे साहेब एकाच सतरंजीवर. डोंगरावर रोज जाणारी तीच, म्हणून साहेबांनी मावशीलाच उभं केलं. "अम्मा, सच बताओ." आता बाई अडकली, मी मनात म्हटलं.

"हौ, है," ती म्हणाली. "मेरी बकरी ले गया."

कुंपण झालं. मावशीने शेळ्या विकल्या आणि ती तिरोडीला लेकीकडे निघाली. बसपर्यंत पोचवायला मी गेलो. मला तिचा रागही येत होता आणि गलबलूनही येत होतं.

"मावशी, आता तरी सांग. तू पाह्यलं होतं का त्याले?"

"नाही पाह्यलं."

"मग हौ म्हटलं काहून? तुहंच सगळं गेलं ना."

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मले लेक आहे रे. तो असंल, तर त्यानं कुठी जावं?"