बारा बाटल्यांतली दादाची एक

गेल्या शनिवारी धुळ्याला दादाच्या घरी जी धांदल झाली, ती लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही...

दादा-वहिनीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. लग्न मे महिन्यातलं, पण आपल्याकडे चव्वेचाळीस डिग्रीत पार्टी कोण करणार? म्हणून श्रावण लागायच्या आत, आखाडातला शनिवार धरला.

मला काही वर्षांपासून एक छंद लागलाय. व्होडका किंवा रममध्ये फळं मुरवायची आणि घरच्या समारंभाला त्याच्या छोट्या बाटल्या भेट द्यायच्या. संत्र्याची साल झाली, आलं-लिंबू झालं... जळगावात राहते म्हणून एकदा केळंही करून पाहिलं. नुसता चिखल झाला होता.

यंदा जांभळं. बरणीत व्होडका, खडीसाखर, दालचिनीचा एक तुकडा, आणि महिनाभर रोज बरणी हलवायची. रंग असा सुरेख आला की शेजारच्या काकूंनी मुरंबा समजून वाटी पुढे केली.

पण दादाचं काय?

दादाने तीन वर्षांपूर्वी दारू सोडली. सोपं नव्हतं ते. त्याआधीची वर्षं वहिनीने कशी काढली, तिचं तिलाच माहीत. दारूबरोबर त्याने मित्रांत बसणंही सोडलं. कुठल्या कार्यक्रमाला गेलाच तर जेवायचा आणि लगेच घरी.

मी फोन करून विचारलं, तर म्हणाला, लोकांसाठी खुशाल आण, माझ्यामुळे कुणाची मजा जायला नको. तेवढा वेळ मी आत बसेन. स्वतःच्याच लग्नाच्या वाढदिवसाला हा आत बसणार... मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, तुझ्यासाठी जांभळाचं सरबत करते, अगदी तशाच बाटलीत. सगळ्यांबरोबर बसशील? तो म्हणाला, "आण."

तर बारा बाटल्या तयार झाल्या. अकरा व्होडकाच्या, एक सरबताची. रंग तोच, बाटली तीच, झाकणावर तसंच लाल मेणाचं सील. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने एकेकाच्या नावाची चिठ्ठी बांधली. सरबत टिकावं म्हणून सगळ्या बाटल्या थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवल्या आणि आम्ही नवरा-बायको गाडीने निघालो.

दुपारी धुळ्याला पोहोचून डबा उघडला... आणि माझं धाबं दणाणलं. बर्फाचं पाणी झालेलं, चिठ्ठ्यांचा लगदा, शाई पार गेलेली. एकसारख्या बारा बाटल्या माझ्याकडे बघत होत्या.

चुकून त्याच्या हातात दुसरी बाटली गेली तर? एक घोट जरी गेला तर? तीन वर्षांची कमाई माझ्या हौसेपायी...

वहिनीला सांगावंच लागलं. सगळी सीलं फोडून एकेक वास घेते म्हणून मी सुरी घेतली. भेट द्यायच्या बाटल्या अर्धवट उघड्या दिसल्या असत्या, पण इलाज नव्हता. वहिनीने माझा हात धरला.

"फोडू नका ताई. सगळ्या फ्रीजरमध्ये ठेवू. सरबत गोठेल. ती गोठत नाही."

वहिनी फ्रीजरमधलं सामान बाहेर काढत होती.

"मटारच्या पिशवीमागे ठेवायचे हे. बाकी सगळ्याचा दगड व्हायचा... ती तशीच असायची."

भाजीत मीठ किती घालायचं हे सांगावं, अशा सुरात बोलली. मग हसली आणि म्हणाली, त्या वर्षांनी एक तरी कामाची गोष्ट शिकवली म्हणायची.

दोन-अडीच तास आम्ही शेवभाजीची तयारी करत होतो, पण लक्ष सगळं फ्रीजकडे. मग एकेक बाटली काढून आडवी केली. पहिली हलली, दुसरी हलली... नववी आडवी केली तर आतलं जागचं हललंच नाही. वहिनीने ती गार बाटली गालाला लावली आणि आपल्या केसांचं रबर काढून तिच्या गळ्यात अडकवलं.

तोवर संध्याकाळ झाली आणि सगळे जमले. दादा सगळ्यांच्या मधोमध बसला. ग्लास भरले गेले, आणि दादाने आपली बाटली उघडून वाकडी केली तर थेंब पडेना. आत बर्फ! तो हसून म्हणाला, तुम्ही घ्या रे, हिला वेळ लागेल.

साक्रीचे सुभाषभाऊ दादाचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी हातातला भरलेला ग्लास खाली ठेवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाले,

"तीन वरीस थांबनूत भो, आखो धा मिनिट थांबसूत. घाई काय शे?"

आणखी दहा मिनिटं थांबायला कुणाचीच ना नव्हती, एकेक करत सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. सुभाषभाऊंनी दादाची बाटली घेतली, दोन्ही तळव्यांत चोळली आणि शेजारच्याला दिली. त्याने चोळून पुढे दिली. माझ्या हातात आली, वहिनीच्या आली... सगळ्या हातांतून फिरून ती दादाकडे परतली, तेव्हा जांभळा चुरा भसकन ग्लासात पडला आणि जो काही हशा झाला!

मग सगळ्यांनी एकदम ग्लास उचलले. दादाचे डोळे भरले होते, पण हसत होता. त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ तोच बोलत बसला.

दारू सोडणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. त्याच्यासाठी भरलेला ग्लास खाली ठेवणारी माणसं मी परवा पाहिली... दादाला ती जन्मभर लाभोत, एवढंच मागणं.