बाटल्या धुणारी

धारच्या सभागृहात व्याख्यानाआधी सरांनी माझी ओळख करून दिली ती अशी: "ही आमची देवासची. हिच्या हाताला भांडी घासायची पिढीजात सवय. म्हणून तर आमच्या बाटल्या एकदम चकाचक. क्यों भई, सही है ना?"

लोक हसले. सगळे आपलेच मराठी लोक. मी लॅपटॉपपाशी उभी, सरांच्या स्लाईड पुढे सरकवायला. मागच्या रांगेत आई होती. लेकीचं काम बघायचं म्हणून ठेवणीतली साडी नेसून देवासहून आलेली. मी तिच्याकडे पाहिलं. तीही हसत होती. सवयीने.

सर धारच्या जुन्या कारभाऱ्यांच्या घरातले. आमचे पूर्वज त्याच मराठा दरबाराबरोबर माळव्यात आले, पण घोड्यांच्या मागे चालत. आई देवासच्या एका मंगल कार्यालयात भांडी घासायची. शाळा सुटली की मी तिथेच. तिने लख्ख केलेल्या पातेल्यांवर आतल्या काकू पुन्हा पाणी शिंपडायच्या, मगच पातेली आत जायची. आई म्हणायची, "शिंपडू दे गं. आपलं काय जातं?"

मी रसायनशास्त्र शिकले, डॉक्टरेट केली, समुद्रकाठच्या एका संस्थेत लागले. तिथे सर वरिष्ठ. आपल्या माळव्याचा माणूस म्हणून मला आनंद झाला होता. मूर्ख होते मी.

खोल समुद्राच्या तळाला काही ठिकाणी भेगा आहेत. त्यांतून खडकात तापलेलं पाणी उसळून वर येतं. त्यात काय काय विरघळलंय हे मोजायचं, हे आमचं काम. जहाजावर सर जायचे. किनाऱ्यावर बाटल्या आम्लात धुवायची मी. दिवसच्या दिवस. पाठ मोडून जायची. बाटलीला धातूचा कण चिकटून राहिला तर सगळं माप खोटं. भरलेल्या बाटल्या आल्या की मोजायचीही मीच. त्यातच मला दिसलं, बहुतेक बाटल्यांत भोवतालचा समुद्र शिरलाय. निव्वळ भेगेचं पाणी फक्त दोन बाटल्यांत. सरांना सांगितलं. "ठीक है, सुधार दे," म्हणाले.

मी भेसळ वजा करून आकड्यांचा नवा तक्ता केला. तोच तक्ता आता धारच्या पडद्यावर होता. खाली एकच नाव. सरांचं.

पुढच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर उठले. "साहेब, एवढ्या समुद्रात हे पाणी वेगळं ओळखायचं कसं? मिक्स नाही होऊन जात?"

"रंगावरून," सर म्हणाले. "काळं असतं ना ते, धुरासारखं. नेक्स्ट स्लाईड."

मी स्लाईड बदलली नाही. आईचं ते हसणं डोळ्यांपुढून जात नव्हतं. रागही येईना. नुसता थकवा. इतकी वर्षं गप्प बसण्याचा थकवा.

मी म्हणाले, "रंगावरून नाही, सर."

"बेटा, तू बस."

"माप माझं आहे. मीच सांगते."

सांगितलं. की ते पाणी भेगेतून निघताना स्वच्छ असतं. थंड समुद्र मिसळला की काळं होतं. की खडकातून येताना त्यातलं मॅग्नेशियम खडकातच राहतं, आणि समुद्रात ते भरपूर असतं. म्हणून बाटलीत मॅग्नेशियम जितकं, तितकी भेसळ. हा तक्ता मी केलाय, हेही सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मास्तर तेवढे मान हलवत खाली बसले.

परतीच्या बसमध्ये इंदूर मागे पडलं. आई म्हणाली, "साहेब नाराज झाले असतील. माफी माग ना. नोकरी आहे बाई."

"नाही मागणार."

"मी हसायला नको होतं," ती म्हणाली. आणि खिडकीबाहेर बघत बसली. माझ्यात तिचा हात धरायचंही त्राण नव्हतं.

देवास यायच्या आधी सरांचा मेसेज आला. आजचं विसरून जाऊ, शोधनिबंधासाठी सगळे आकडे सोमवारी पाठव. मी लिहिलं, पहिलं नाव माझं असेल तर पाठवीन.

उत्तर अजून आलेलं नाही. बदली होईल, किंवा करार वाढवणार नाहीत. होऊ दे. बाटल्या मी पुढेही धुईन, माझ्याइतक्या स्वच्छ तिथे कुणाला जमत नाहीत. पण ज्या कागदावर माझं नाव नाही, त्यावर माझा एकही आकडा जाणार नाही.