पन्ह्याची पाणपोई

माझी भाची आता पंधरा वर्षांची घोडी झालीय आणि हा विषय काढला की उशी फेकून मारते, पण मी सांगणारच! तेव्हा ती नऊ वर्षांची होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुर्डुवाडीहून आमच्याकडं सोलापुरात आलेली. निघतानाच तिनं वडिलांना सांगून टाकलेलं, की मी मावशीकडं पन्ह्याचं दुकान टाकणार. तिचे वडील रेल्वेत, जिभेनं तिखट. म्हणाले, "आजी घेणार, मामा घेणार, मावशी घेणार. ह्याला दुकान न्हाय म्हणत, भातुकली म्हणत्यात. ओळख ना पाळख अशा एका माणसानं पैसे देऊन घेतलं, तर दुकान म्हणीन."

झालं! पोरगी पेटली. गुरुवारी ते तिला न्यायला येणार होते. त्याच्या आत तिला परका माणूस पाहिजे होता. एकच, पण खरा.

मी कॉलेजात होते, सुट्टीत नुसती लोळत पडायचे, तेव्हा नोकर म्हणून माझीच नेमणूक. सकाळी कैऱ्या उकडायच्या, गर कुस्करायचा, त्यात गूळ, मीठ, वेलदोडा, आणि सगळं आईच्या माठात. काय वास सुटायचा घरभर! आत्तासुद्धा लिहिताना तोंडाला पाणी सुटलंय. आमचं घर गिरणीच्या रस्त्याला, दारात लिंबाचं झाड. पाळी सुटली की रस्ता माणसांनी नुसता वाहायचा. जागा एक नंबर! तिवईवर माठ, त्याला ओलं लाल फडकं गुंडाळलेलं, आणि भाचीच्या हातात लांब दांड्याचं ओगराळं. सजावट सगळी माझी. मी तर स्वतःवरच खूश.

सोमवारी गिरणीचा भोंगा वाजला. पहिलाच माणूस आला, खांद्यावर पंचा, केसात कापसाची पिंज. सरळ वाकला आणि ओंजळ तोंडाशी धरली.

आता सांगा, तहानलेल्या माणसाची ओंजळ पुढं आल्यावर 'आधी पैसे' कोण म्हणणार? भाचीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिनं ओतलं.

"आरं तिच्या!" तो दचकलाच. "ह्ये तर गुळाचं हाय! लई पुण्य लागंल बघ पोरी." ओला हात डोळ्यांवरनं फिरवला आणि चालायला लागला. जाता जाता ओरडला, "ए, हितं या रं! पाणपोईत पन्हं वाटायलेत!"

मग काय! रांगच लागली. लिंबाखाली माठ, ओलं फडकं, लांब ओगराळं, म्हणजे दुसरं काय असणार? उन्हाळ्यात आमच्या गावात कुणीही त्याला पाणपोईच म्हणणार. बघता बघता माठ कोरडा. आशीर्वाद ढीगभर, गिऱ्हाईक एकही नाही. भाची घरात जाऊन कोपऱ्यात तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी मी फडकं काढलं, काचेचे पेले मांडले, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'पन्हं, दहा पैसे' लिहून टांगलं. झकास दुकान! आणि कुणी थांबेचना. कालचा तो पंचावालासुद्धा ओंजळ करायला निघाला, पुठ्ठा बघितला, "बंद झाली व्हय पाणपोई?" म्हणाला आणि गेला. वर माझी आई चिडली. "उन्हाळ्याचा माणूस दारातनं कोरडा गेला? शोभतं का गं तुमाला?"

म्हणून बुधवारी दोन माठ. एकात पाणी, फुकट. दुसऱ्यात पन्हं, पैसे देऊन. आणि माझी अक्कल बघा, माणसं पोटभर पाणी पिऊन तृप्त होऊन जायची! पन्ह्याकडं बघतंय कोण? भाचीला उद्याच निघायचं होतं. तिची पिशवीसुद्धा भरून ठेवलेली होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा एक बाई आली. घरी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परत निघालेली, काखेत रिकामी टोपली. पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं, आणि तेलुगू वळणाच्या मराठीत विचारलं, "त्यात काय अम्मा?"

"पन्हं. दहा पैसे."

"दहा? कैरी काय सोन्याची हाय?"

मी म्हणणारच होते, घ्या हो तसंच, फुकट! भाचीनं माझा पाय असा तुडवला, की बोलतीच बंद.

"वेलदोडा घातलाय," ती म्हणाली.

"दिसत तर न्हाय."

"वास घ्या की!"

बाईनं माठात नाक घातलं. "पाच देते."

"पाचला अर्धा पेला."

"अर्धा म्हणजे इथपर्यंत?" बाईचं बोट पेल्याच्या गळ्याशी.

"इथपर्यंत!" भाचीचं बोट पार खाली.

दोन बोटं काचेवर वरखाली, वरखाली! शेवटी मध्यापेक्षा जरा वर येऊन थांबली. बाईनं कनवटीचं नाणं काढून दिलं, सावकाश प्यायली आणि तोंड वाकडं केलं. "मीठ लई झालंय. उद्या कमी घाल, मग पुरा पेला घेते."

मला वाटलं, आता ही रडणार. पण बाई वळल्याबरोबर तिनं माझ्या कमरेला मिठीच मारली. "मावशी, तिनं भाव केला! पाणपोईत कुणी भाव करतं का? आणि नावं पण ठेवली!"

गुरुवारी दुपारी तिचे वडील आले. आईनं हकिकत सांगितली, तसे हसून म्हणाले, "मानलं बाबा, दुकान! आता चला, गाडी चुकंल."

ही माठापाशी बसलेली, नजर रस्त्यावर. "दुसऱ्या गाडीनं जाऊ. गिऱ्हाईक यायचंय."

"आणि न्हाय आलं तर?"

"मीठ कमी केलंय," ती म्हणाली. "येणारच."