सावली पुढे धावली तेव्हा

"सावली पुढे धावायला लागली, की आधी दिवा कुठे आहे ते बघावं," असं वहिनी सारखं म्हणायच्या. फोटो स्टुडिओत दिवे लावण्यातच त्यांची उमर गेली होती. स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथला जुना कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला आणि स्वयंपाकघरालगतच्या खोलीत बसून, चुकतमाकत, शेअरबाजाराच्या चार्टवर छटा भरायला शिकल्या. भाव चढणीला लागला की हिरवी, उतरणीला लागला की विटकरी. छटा आपोआप उमटावी म्हणून कॉम्प्युटरला समजेल अशी स्क्रिप्ट ओळीमागून ओळ लिहायची. हिरवाही कसला, तर कोवळ्या पानामागून ऊन यावं तसा.

परवा त्यांनी केलेल्या नव्या छटेने तर धाकट्या दिराला वेडच लावलं. हा दीर बसचा ड्रायव्हर. भाव वळायच्या आदल्याच दिवशी रंग बदललेला, आणि तोही दरवेळी. सगळं मागचं वर्ष पाहिलं तरी एक चूक नाही. ओळखीपाळखीत ज्यांना वहिनींनी ती दिली होती, तेही त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होते. दिराने ठरवलं, उद्याच डेपोत नोकरी सोडतो म्हणून सांगायचं आणि या रंगावर शेअरबाजार खेळायचा.

"स्टिअरिंगने हाताला घट्टे दिले," तो म्हणाला, "आता वहिनींच्या सावलीत बसून खातो."

सावली म्हटल्याबरोबर वहिनींचा माऊसवरचा हात थांबला. ही सावली भावाच्या पुढे कशी काय धावते?

त्यांनी त्याला शेजारी स्टुलावर बसवलं, चार्ट मागे नेला आणि एकेक दिवस पुढे सरकवू लागल्या. दिवसागणिक एक उभी कँडल, म्हणजे त्या दिवसाच्या भावाची पट्टी. कँडल उमटली, पण तिच्यामागे रंग नाही. पुढच्या दिवसाची आली, आणि रंग गुपचूप मागे जाऊन आदल्या दिवसात भरला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. गफलत वहिनींच्याच हातून झाली होती. आजचा रंग उद्याचा भाव बघून ठरत होता. सरलेल्या दिवसांचा पुढचा दिवस चार्टवर असतोच; चालू दिवसाचा कुठून आणणार?

"म्हणजे पेपर फुटला होता," दीर म्हणाला.

"मीच फोडला, भाऊजी."

इतके लोक नाव घेतायत, आपल्या हाताने त्यावर बोळा का फिरवता, असं तो परोपरीने सांगत राहिला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि ती ओळ दुरुस्त केली. डोळ्यांदेखत मागच्या वर्षाचा चार्ट पालटला. रंग उशिरा येऊ लागले, कधी साफ चुकू लागले. मग या छटेचा उपयोग तरी काय, त्याने पडल्या चेहऱ्याने विचारलं.

"गाडीच्या आरशात काय दिसतं?"

"मागचा रस्ता."

"तो लागतोच ना? पण आरशात बघून गाडी पुढे हाकाल का?"

दीर स्टुलावरून उठला. मग म्हणाला, उद्या सकाळची पाळी आहे, डबा लागेल.

त्याच संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना कळवून टाकलं की चूक माझी आहे, जुनी छटा काढून टाका. छटा घेतलेल्यांपैकी लेथ मशीनवाले काका तेवढे फोनवरचे निरोप वाचत नसत. सकाळी डबा भरून झाल्यावर वहिनी पायात चपला सरकवून त्यांच्याकडे निघाल्या. दीर जिन्यात उभा राहून गणवेशाची बटणं लावत होता. ऊन वहिनींच्या पाठीवर होतं, लांब सावली पुढे चालली होती, आणि तिच्या मागून त्या आपल्या चालीने जात होत्या. कोपऱ्यावर वळेपर्यंत तो बघत राहिला. गळ्याचं बटण लावायचं राहूनच गेलं.